बोटीच्या मशीनला स्वस्तातले पाने चालतील का?

खारदांडा_२२
आमची छोटी फायबरची होडी आहे, ९.९ एचपीचं टू स्ट्रोक ओबीएम (मागे बाहेरून लावायचं मशीन, आउटबोर्ड मोटर). धंदा नाही, बाबा आणि मी रविवारी गळाला जातो तेवढंच. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागली, होडी वर घेतलीय, ३१ जुलैपर्यंत वेळच वेळ आहे म्हणून यंदा सर्व्हिसिंग घरीच करावी म्हणतोय, प्लग, गिअर ऑइल, इम्पेलर (मशीन थंड ठेवायला पाणी खेचणारं रबरी चक्र) एवढंच. ऑनलाइन ४६ पीसचा सॉकेट सेट सातशेला मिळतोय. वर्षातून दोनदा हात लागणार त्याला, मग स्वस्तातलं चालेल ना? ज्यांनी स्वतः मशीन खोललंय त्यांनी सांगा प्लीज.

मढ_जेट्टी
भावा तो सेट मी घेतला होता. पाव इंची ड्राइव्हचा (सॉकेट बसतं तो चौकोनी खुंट) असतो, मोठ्यात मोठं सॉकेट १४ नंबर म्हणजे १४ मिमी, आणि आपला प्लग २१चा, म्हणजे पहिल्याच कामाला उपयोग नाही. वरच्या १० नंबरच्या बारीक बोल्टांना मस्त चालतो. पण गिअरकेस (पंख्याकडचा खालचा भाग) उतरवताना १२चे बोल्ट धरून बसले होते, जोर लावला तर रॅचेट आतल्या आत कटकट करत नुसतंच फिरायला लागलं, दात गेले.

वेसावे_नाखवा
बाळा, पाना तुटला तर सातशे गेले, बोल्ट तुटला तर सगळा सीझन जातो. हे बोल्ट स्टेनलेसचे आणि केस अ‍ॅल्युमिनियमची, खारं पाणी मध्ये गेलं की पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होतो. माझा एक असाच डोक्यातून तुटला, ड्रिल मारून काढावा लागला आणि केसचे आटे पण गेले. म्हणून तिथे सहा कोनांचं सॉकेट वापर, बारा कोनांचं नको, ते कोपऱ्यांवर धरतं आणि डोकं गोल करतं. आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑइल मारून ठेव, घाई करू नको, परत बसवताना आट्यांना मरीन ग्रीस लाव, पुढच्या वर्षी हाताने सुटेल.
गिअर ऑइलच्या स्क्रूला रुंद खाच असते, त्यात पूर्ण बसेल असाच जाड पात्याचा स्क्रू ड्रायव्हर घे. पातं बारीक असलं की खाच फाटते. तेल खालच्या भोकातून भर, वरून यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लाव मग खालचा, वॉशर नवीन.

भाऊचा_धक्का
नाखवांशी सहमत. सेट नकोच, मुंबईत नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात जा, अर्ध्या इंची रॅचेट, १२चं सॉकेट, २१चा प्लग पाना आणि एक जाड स्क्रू ड्रायव्हर एवढंच चांगलं घे, टपारिया वगैरे. पक्कड, हातोडी, ब्रश, फनेल काय वाटेल ते स्वस्तातलं घे, काही फरक पडत नाही. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) लगेच नको, प्लग आधी हाताने पूर्ण बसव, नवीन असेल तर पान्याने अर्धा फेरा, जुनाच परत लावत असशील तर अगदी किंचित. आणि काम झालं की पाने गोड्या पाण्याने पुसून तेलाचा हात फिरवून ठेव, आमच्याकडे महागातला पाना पण गंजून गेलाय असाच डब्यात टाकल्यामुळे.
बाय द वे इम्पेलर का बदलतोयस, मागची पाण्याची पिचकारी कमी झालीय का? आधी पाणी घेतो ती जाळी बघ, खाडीच्या तोंडाशी प्लास्टिक किती आहे माहितीय ना, माझ्यात अख्खी दुधाची पिशवी निघालेली.

खारदांडा_२२
खूप थँक्यू सगळ्यांना. नागदेवीहून चारही वस्तू आणल्या, सेटपेक्षा जास्त गेले पण १२चे बोल्ट रात्रभर ऑइल मारून ठेवल्यावर एकदाच कट्ट करून सुटले, बाबा बघतच राहिले. जाळीत खरंच पिशवीचा तुकडा होता, आणि इम्पेलरची दोन पाती पण गेलेली. पण नाखवा, गिअर ऑइल दुधाळ निघालं, चहासारखं. हे काय?

वेसावे_नाखवा
पाणी शिरलंय आत. आधी पंख्याच्या शाफ्टला गळाची तंगूस (नायलॉनची दोरी) गुंडाळलीय का बघ, तीच सील कापते. सील बदलायला मात्र प्रेस लागतो, ते घरी करू नको. केस घेऊन ये वेसाव्याला, आपल्या मेकॅनिककडे जाऊ.