सोसायटीच्या ग्रुपवर : बागेतील बाक, त्यावरील फलक आणि तिसरीतील मुले

सौ. सबनीस (ब-३०४) : सर्वांना नमस्कार. काल संध्याकाळी बागेत जे घडले ते मनातून जात नाही, म्हणून लिहीत आहे. जिने झाडणाऱ्या मावशींची मुलगी आपल्या इमारतींतील काही मुलांच्याच वर्गात, तिसरीत शिकते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आईचे काम आटोपेपर्यंत ती गुलमोहोराखालच्या बाकावर गृहपाठ करत बसली होती, तेव्हा तिच्याच वर्गातील तीन मुलांनी ‘हा बाक तुझ्यासाठी नाही, फलकावर काय लिहिलंय ते वाच’ असे सांगून तिला उठवले. काही न बोलता ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. मी मुलांना हटकले, तर त्यांनी मलाही तो फलक मोठ्याने वाचून दाखवला : ‘फक्त सभासदांसाठी’. शाळेत हीच मुले आळीपाळीने तिच्या शेजारी बसतात आणि तिच्याबरोबर डबा खातात. मुलांची नावे मी लिहिणार नाही, कारण मला त्या फलकाविषयी आणि आपणा मोठ्यांविषयी बोलायचे आहे.

श्री. नाडकर्णी (अ-७०१) : बाहेरची मंडळी रात्री उशिरापर्यंत बागेत बसत असत म्हणून फलक लावावा लागला, हे सर्वांना माहीत आहे. त्याचा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत बहुमताने मंजूर झालेला आहे. मुलांचे वागणे हा शाळेचा विषय आहे आणि पालकांनी तो शाळेतच मांडावा.

सौ. भोसले (ब-१०२) : सबनीस वहिनी, आपण नावे लिहिली नाहीत, तरी काल बागेत कोणाची मुले होती हे दोन्ही इमारतींना ठाऊक आहे. मला आधी एक फोन केला असता तर मी त्याच वेळी खाली आले असते. गणेशोत्सवातील चित्रकला स्पर्धेच्या वेळीही असेच झाले होते. आधी ग्रुपवर चर्चा झाली आणि आम्हाला सर्वांत शेवटी कळले.

सौ. सबनीस (ब-३०४) : फोन करायला हवा होता हे आपले म्हणणे मला मान्य आहे. मात्र मुलांनी काही वाईट हेतूने केले असे मी मुळीच म्हटलेले नाही. आपण जे लिहून लावले तेच त्यांनी अमलात आणले, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

श्री. जाधव (ब-६०१) : आदराचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. चेंडू लागून माझ्या गाडीचा आरसा फुटला, तेव्हा दुसऱ्याच्या वस्तूची काळजी घेण्यास मुलांना शिकवावे, असे मी याच ग्रुपवर लिहिले होते. त्या वेळी कोणीही उत्तर दिले नाही.

सचिव, श्री. कदम (अ-४०२) : जाधव साहेब, आपली तक्रार नोंदवलेली आहे. कृपया आजच्या विषयावरच बोलावे, ही सर्वांना विनंती.

पाटणकर आजी (अ-१०१) : मी जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्यभर शिकवले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. परिपाठात मुले रोज प्रतिज्ञा म्हणतात आणि तिच्यात वडीलधाऱ्यांचा मान ठेवण्याबरोबरच ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’ असेही वचन असते. बालभारतीच्या पुस्तकांच्या पहिल्या पानांवर संविधानाची उद्देशिका छापलेली असते आणि तिच्यात ‘दर्जाची व संधीची समानता’ हे शब्द आहेत. तिसरीच्या मुलाला त्यांचा अर्थ व्याख्येने कळत नाही. बाकावर कोण कोणाशेजारी बसते, पाण्याच्या नळाशी कोण आधी जाते, फळा पुसण्याची पाळी कोणाकोणाला मिळते, यांतून तो कळतो, आणि म्हणून चांगले शिक्षक बसण्याच्या जागा बदलत राहतात व वर्गातील कामे सर्वांना वाटून देतात. शाळेत पाच-सहा तास जे घडते ते संध्याकाळी बागेत अर्ध्या तासात पुसले जात असेल, तर शाळेने आणखी काय करावे? आणि या वयात वाचन नुकतेच सफाईने येऊ लागलेले असते. दिसेल ती पाटी मुले वाचतात आणि छापलेले सगळे खरे मानतात.

श्री. नाडकर्णी (अ-७०१) : आजी, आपल्या अनुभवाचा आदर आहे. तरीही पुन्हा सांगतो की फलकाचा ठराव सर्वसाधारण सभेत बहुमताने मंजूर झालेला आहे.

कुलकर्णी काका (अ-२०३) : त्या बाकावर सर्वांत जास्त वेळ मी बसतो. फलकाचा काटेकोर अर्थ घ्यायचा तर नाडकर्णी साहेबांनी आधी मला उठवावे, कारण मी भाडेकरू आहे. तसे पाहिले तर ती तीन मुलेही सभासद नाहीत! 😀

श्री. शेख (ब-५०३) : काकांनी हसत सांगितले तरी मुद्दा महत्त्वाचा आहे. भाडेकरूला कोणी उठवत नाही आणि आपल्याकडे आलेल्या पाहुण्यांच्या मुलांनाही कोणी उठवत नाही, म्हणजे व्यवहारात हा फलक एका विशिष्ट वर्गातील माणसांनाच लागू होतो आणि मुलांनी तो नेमका तसाच ओळखला. या मुलीचा प्रवेश शिक्षण हक्क कायद्याने झालेला आहे. २००९ च्या या कायद्याच्या कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवाव्या लागतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद कायम ठेवली. या मुलांना वर्गात वेगळे बसवू नये आणि त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी भरवू नयेत, असे केंद्राच्या नियमांत लिहिलेले आहे. आपल्या राज्याने २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला यातून सूट देणारा बदल केला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. मुलांनी एका वर्गात बसावे यासाठी इतका खटाटोप झालेला असताना, शाळा सुटल्यावर त्यांना वेगळे बसवण्याचे काम आपण करावे, हे मला पटत नाही.

सौ. भोसले (ब-१०२) : कायदा मला कळतो. मी आत्ता मुलाला समोर बसवून विचारले. ‘तो फलक कोणासाठी आहे, हे तुला कोणी सांगितले?’ यावर त्याने सांगितले की, मावशी एकदा बाकावर टेकल्या होत्या तेव्हा एका आजोबांनी त्यांना तेथून उठवले होते. हे घडले तेव्हा मुले तेथेच खेळत होती. ते आजोबा कोण, हे मी लिहिणार नाही. उद्या मी मुलाला वर्गात सर्वांसमोर तिची माफी मागायला लावणार आहे.

पाटणकर आजी (अ-१०१) : सूनबाई, कृपया तसे करू नकोस. सर्वांसमोर उभे करून मागायला लावलेल्या माफीतून मुलाला लाज तेवढी कळते, आणि त्या मुलीलाही पुन्हा सगळ्या वर्गापुढे ‘बाकावरून उठवलेली’ म्हणून उभे राहावे लागते. मुलाचा मानसिक छळ करू नये, असे याच कायद्याचे कलम १७ शाळेलाही बजावते. त्याला एकांतात तीन गोष्टी विचार : काय झाले, तिला काय वाटले असेल आणि आता तू काय करशील. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला स्वतः शोधू दे, दोन दिवस लागले तरी चालतील. माझ्या वर्गातील मुले असे विचारल्यावर बहुधा खेळायला बोलावण्यापासून सुरुवात करत.

श्री. नाडकर्णी (अ-७०१) : ते आजोबा मीच आहे, आडून बोलण्याची गरज नाही. मी मंजूर ठरावाची अंमलबजावणी केली. तो ठराव सर्वसाधारण सभेत बहुमताने मंजूर झालेला आहे.

सौ. इनामदार (अ-५०४) : काका, प्रश्न एकट्या तुमचा नाही. मदतनीसांनी मागची लिफ्ट वापरावी, ही सूचना आपण सर्वांनी मिळून लावली. कितीतरी घरांत मावशींच्या चहाचा कप वेगळा असतो आणि मुले तो रोज पाहतात. रखवालदार काका सत्तरीला आले आहेत, तरी आपल्यातील अनेक जण त्यांना एकेरीत हाक मारतात आणि पाठोपाठ मुलेही तशीच हाक मारतात. ज्यांच्याविषयी आपण सकाळपासून बोलत आहोत, त्यांच्यापैकी एकही माणूस या ग्रुपवर नाही, याचेही मला वाईट वाटते.

श्री. जाधव (ब-६०१) : मागच्या लिफ्टची सूचना सामान नेण्यासाठी होती, माणसांसाठी नव्हे. आणि माझ्या आरशाचे काय झाले, हेही कोणीतरी सांगावे.

सौ. सबनीस (ब-३०४) : जाधव भाऊजी, आरशाचा खर्च आम्ही पालक वाटून घेऊ, मुलांनाही आपल्याकडे घेऊन येऊ, म्हणजे ती आपल्याशी स्वतः बोलतील. मात्र ती सूचना आपण एकदा वाचावी, तिच्यात सामानाचा उल्लेखही नाही.

सचिव, श्री. कदम (अ-४०२) : फलक ठरावाने लागलेला असल्यामुळे समितीला तो परस्पर काढता येणार नाही, हे नाडकर्णी साहेबांचे म्हणणे नियमाला धरून आहे.

श्री. शेख (ब-५०३) : सर्वसाधारण सभेने केलेला ठराव सर्वसाधारण सभेलाच बदलता येतो. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७६ नुसार एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की एका महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. आपले ६० सभासद आहेत, म्हणजे १२ स्वाक्षऱ्या पुरेशा आहेत. बाकाचा फलक आणि लिफ्टची सूचना, असे दोन्ही विषय घालून मी आज अर्ज लिहितो. बाहेरच्यांचा त्रास होऊ नये म्हणून बागेला रात्री दहाची वेळ घालून द्यावी, असाही पर्याय त्यात मांडतो.

श्री. नाडकर्णी (अ-७०१) : सभा अवश्य बोलवावी. मी विरोधात बोलेन, आणि पूर्वीचा ठराव बहुमताने मंजूर झालेला आहे याची नोंद इतिवृत्तात घ्यावी. रात्री दहाच्या वेळेला मात्र माझी हरकत नाही.

सौ. इनामदार (अ-५०४) : माझी स्वाक्षरी धरावी.

पाटणकर आजी (अ-१०१) : माझीही. शेख साहेब, मला जिना चढवत नाही, कागद खाली आणून द्यावा.

सौ. भोसले (ब-१०२) : तिसरी स्वाक्षरी माझी. सबनीस वहिनी, संध्याकाळी मी मावशींना भेटायला जाणार आहे, आपण बरोबर आलात तर मला बरे वाटेल.

सौ. सबनीस (ब-३०४) : येते. चौथी माझी.