ऊसकाट्याचा डेटाबेस मुंबईत, रेप्लिका दिल्लीत: एवढ्यावर डीआर (आपत्तीतून सावरायची तयारी) झालं म्हणायचं का?

ऊसकाटा_सांगली

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याची ऊस वजन आणि शेतकरी बिलांची सिस्टिम गूगल क्लाउडवर आहे. क्लाउड एसक्यूएल (गूगलने सांभाळलेला डेटाबेस), पोस्टग्रेस, मुंबई रीजन. हाय अव्हेलेबिलिटी चालू आहे. डेटा साधारण १८० जीबी. हंगामात चार काटे २४ तास चालतात आणि गर्दीच्या वेळी तासाला ३ जीबीच्या आसपास वॉल (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंदवही) तयार होतो.

संचालक मंडळाचा प्रश्न सरळ आहे: मुंबई पूर्णच बंद पडली तर काटे किती वेळात चालू होणार, आणि किती पावत्या जाणार? त्यासाठी दिल्ली रीजनमध्ये रीड रेप्लिका (डेटाबेसची फक्त वाचता येणारी चालू नक्कल) उभी केली आहे, लॅग, म्हणजे नक्कल मुंबईच्या जितकी मागे असते तो वेळ, १-२ सेकंद दिसतो.

विचारायचं ते असं: एवढं पुरेसं आहे का? फेलओव्हर (काम दिल्लीवर वळवणं) आपोआप व्हावा अशी स्क्रिप्ट लावावी का? एकही पावती जाऊ नये म्हणून रेप्लिकेशन सिंक्रोनस (दिल्लीत पोचल्यावरच मुंबईतलं लिखाण पक्कं) करता येईल का? आणि हा दुप्पट खर्च बारा महिने करायचा का?

---

कोयनाकाठ

पहिलं म्हणजे हाय अव्हेलेबिलिटी एक झोन (रीजनचा एक भाग) पडला तर वाचवते, अख्खं रीजन पडलं तर नाही. एप्रिल २०२३ मध्ये गूगलच्या पॅरिस रीजनमध्ये कूलिंगचं पाणी गळून बॅटरीच्या खोलीत गेलं, आग लागली, आणि एका झोनपुरतं राहावं असं वाटणारं प्रकरण सुरुवातीला सगळ्या रीजनला भोवलं. तेव्हा दिल्लीत रेप्लिका ठेवलीत ते बरोबरच केलंत.

सिंक्रोनसचा नाद सोडा. क्लाउड एसक्यूएलची क्रॉस-रीजन रेप्लिका असिंक्रोनसच असते. स्वतःच्या व्हीएमवर पोस्टग्रेस चालवून सिंक्रोनस केलंत तरी प्रत्येक कमिट (लिखाण पक्कं करणं) दिल्लीला जाऊन परत येईपर्यंत थांबणार. ही फेरी ३० मिलिसेकंदांची धरली तर एका कनेक्शनवर सेकंदाला ३३ कमिट, बस्स. त्याहून वाईट म्हणजे एकच सिंक्रोनस स्टँडबाय असेल आणि दिल्लीची लाइन तुटली, तर मुंबईतलं लिखाण लटकतं. संकटासाठी केलेली सोयच रोजचं संकट होते.

आपोआप फेलओव्हर: रीजनच्या पातळीवर तो नकोच, असं माझं ठाम मत. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबचं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटलं. तेवढ्यात ऑटोमेशनने प्रायमरी (मुख्य डेटाबेस) पश्चिम किनाऱ्यावर नेला. दोन्हीकडे एकमेकांना न पोचलेलं लिखाण उरलं, आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं गेली. तुमच्याकडे मॉनिटरने आपोआप फोन करावा, प्रमोटचं (रेप्लिकाला मुख्य डेटाबेस करण्याचं) बटण माणसानेच दाबावं. मुंबईबाहेरच्या दोन ठिकाणांहून तपासणी लावा. दोन्हीकडून १५ मिनिटं सलग उत्तर नाही आणि गूगलच्या स्टेटस पानावरही तसंच दिसतंय, मगच दाबा. ही १५ मिनिटं मंडळाकडून आधी लेखी मंजूर करून घ्या. पहाटे तीनला परवानगी मागायला फोन लावत बसायची वेळ येऊ नये. (आणि मंडळासमोर या मुदतीला नुसतं 'आरटीओ' म्हणू नका, त्यांना गाडी पासिंगवालं ऑफिस आठवतं. 'काटा बंद राहण्याची कमाल वेळ' म्हणा.)

आता लॅग. तुम्हाला दिसणारा १-२ सेकंदाचा आकडा फसवा असू शकतो. शेवटचा व्यवहार रेप्लिकावर केव्हा लागू झाला यावरून मोजत असाल, तर मुंबईत काही लिहिलं जात नसताना लॅग उगाच वाढलेला दिसतो. शिवाय सरासरीत मोठे झटके दडतात. मुंबईत एक छोटं हार्टबीट टेबल करा, दर १० सेकंदांनी त्यात वेळ लिहा, दिल्लीत ती वाचा. ६० सेकंदांच्या मागे पाच मिनिटं राहिली की अलार्म. हेच टेबल खऱ्या संकटात सांगतं की दिल्लीत नेमकं कुठपर्यंतचं पोचलंय.

लॅग वाढायचं नेहमीचं कारण लाइन नसते. तासाला ३ जीबी म्हणजे सेकंदाला जेमतेम ७ मेगाबिट. कारण असतं ते दिल्लीवर चालवलेला पंधरवड्याच्या बिलांचा जंगी रिपोर्ट. मोठी क्वेरी आणि येणारा वॉल यांची टक्कर झाली की पोस्टग्रेस डिफॉल्टने ३० सेकंद थांबतो, मग क्वेरी मारतो. रिपोर्ट मरतोय म्हणून कुणी ती मर्यादा उणे एक करून ठेवली, तर रेप्लिका क्वेरी संपेपर्यंत कितीही मागे राहते. रिपोर्टला वेगळी रेप्लिका मुंबईतच करा. दिल्लीवालीला हात लावू नका.

शेवटचं, पण खरं तर सगळ्यात आधी करायचं: रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. मुंबईत चुकून टेबल उडवलं की दोन सेकंदांत दिल्लीतही उडतं. पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी (मागच्या हव्या त्या क्षणाला परत जायची सोय) चालू आहे ना बघा. आणि बॅकअपचं ठिकाण तपासा. काही निवडलं नसेल तर क्लाउड एसक्यूएल जवळच्या मल्टी-रीजनमध्ये ठेवतं, म्हणजे तुमच्यासाठी 'आशिया'. शेतकऱ्यांची बँक खाती देशाबाहेर जायला नकोत असं मंडळाचं धोरण असेल, तर बॅकअपचं ठिकाण हाताने दिल्ली निवडावं लागतं.

---

मिरज_जंक्शन

वरच्या सगळ्याशी सहमत. एक सापळा राहिला, आणि काट्याच्या धंद्यात तोच महागात पडतो: पावती क्रमांक.

क्रमांक डेटाबेसच्या सिक्वेन्समधून (पुढचा क्रमांक देणारा मोजणीदार) येत असेल तर हे समजून घ्या. पोस्टग्रेस प्रत्येक क्रमांकाची नोंद वॉलमध्ये करत नाही. ३२ क्रमांक पुढचं एकदम लिहून ठेवतो. समजा वॉलमध्ये ४८,२२४ पर्यंतची नोंद दिल्लीला पोचली आहे. मुंबईने ४८,२१० दिला आणि बंद पडली, तर दिल्ली ४८,२२५ पासून सुरू करते. मधले १४ क्रमांक रिकामे, ऑडिटर विचारेल, एवढंच. पण मुंबईने ४८,२२४ ओलांडला, पुढची नोंद लिहिली, ४८,२२५ ते ४८,२२७ अशा तीन पावत्या छापल्या आणि हे दिल्लीला पोचायच्या आत मुंबई बंद पडली? दिल्ली पुन्हा ४८,२२५ च देणार. एकाच क्रमांकाच्या दोन छापील पावत्या, दोन वेगळ्या शेतकऱ्यांच्या हातात. चाचणीत बहुतेक वेळा पहिला प्रकार होतो, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

तात्पुरता उपाय: प्रमोट केल्याबरोबर, ॲप जोडायच्या आधी, सगळे सिक्वेन्स ५,००० ने पुढे ढकला. स्क्रिप्ट आत्ताच लिहून ठेवा. कायमचा उपाय: क्रमांक काट्यावरच तयार करा. हंगाम, काटा क्रमांक, त्या काट्याचा स्थानिक अनुक्रम, असा.

आणि मग 'एकही पावती जाऊ नये' हेही सिंक्रोनसशिवाय साधतं. काट्याच्या पीसीवर प्रत्येक वजन आधी स्थानिक फाइल-डेटाबेसमध्ये लिहा (एसक्यूलाइट पुरे), पावती तिथूनच छापा, मग क्लाउडला पाठवा. क्लाउडने 'मिळालं' म्हटलं म्हणून नोंद पुसायची नाही. मुंबईला मिळालं म्हणजे दिल्लीला मिळालं असं होत नाही. ७२ तास ठेवा. प्रमोटनंतर दिल्लीच्या हार्टबीटच्या तासभर आधीपासूनचं सगळं पुन्हा पाठवा. क्रमांकावर युनिक बंधन आणि 'आधीच असेल तर सोडून दे' असा इन्सर्ट असला की दुबार नोंद होत नाही.

यात दोन खाचा आहेत. एक: भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन एकाच ओळीत अपडेट करत असाल तर हे फसतं. दिल्लीत पहिलं वजन पोचलंय, दुसरं नाही. पुन्हा पाठवल्यावर 'ओळ आहेच' म्हणून सोडली जाते आणि गाडी कायमची भरलेलीच राहते. दोन वजनं म्हणजे दोन स्वतंत्र नोंदी करा. दोन: 'तासभर आधी' हे पीसीच्या घड्याळावरून ठरवू नका. काट्याच्या केबिनमधल्या एखाद्या पीसीचा बॅटरी सेल गेलेला असतोच. कुठून पाठवायचं ते स्थानिक अनुक्रमावरून ठरवा. दिल्लीत त्या काट्याचा शेवटचा अनुक्रम बघा, त्याच्या मागचे ५०० धरून पाठवा.

---

ऊसकाटा_सांगली

क्रमांक सेंट्रल सिक्वेन्सवरच आहे, आणि दोन्ही वजनं एकाच ओळीत. दोन्ही बदलतो. कारखान्यातून क्लाउडला व्हीपीएन आहे, डेटाबेस प्रायव्हेट आयपीवर. गूगलचा व्हीपीसी (क्लाउडमधलं खाजगी नेटवर्क) ग्लोबल असतो, म्हणजे दिल्लीची बाजू आपोआप दिसेल ना?

---

तासगाव_राउटर

व्हीपीसी ग्लोबल, पण व्हीपीएन गेटवे आणि क्लाउड राउटर रीजनचे. मुंबई रीजन गेलं की तुमचा व्हीपीएनचा बोगदाही गेला. दिल्लीत डेटाबेस ठणठणीत आणि कारखान्यातून तिथे जायला रस्ताच नाही, हे बऱ्याच ठिकाणी सरावाच्या दिवशीच कळतं.

करायचं ते असं. दिल्लीत दुसरा व्हीपीएन गेटवे, बीजीपीसह (रस्ते आपोआप कळवणारी पद्धत), कायम चालू. डायनॅमिक राउटिंग मोड 'रीजनल' असेल तर 'ग्लोबल' करा. क्लाउड एसक्यूएलच्या प्रायव्हेट आयपीचं पीअरिंग (तुमच्या आणि गूगलच्या नेटवर्कची जोडणी) असतं, त्यावर कस्टम रूट एक्स्पोर्ट चालू आहे का बघा, नाहीतर डेटाबेसकडून कारखान्याकडे परतीचा रस्ता मिळत नाही. त्या पीअरिंगला दिलेली आयपी रेंज पुरेशी मोठी हवी. दर रीजनला किमान स्लॅश २४ (२५६ पत्त्यांची रेंज) लागते. सुरुवातीला एकच स्लॅश २४ दिली असेल तर दिल्लीत अडतं. कारखान्याच्या फायरवॉलमध्येही ती दिल्लीची रेंज घालायची असते, ते हमखास विसरतं.

ॲपकडे या. प्रमोट झालेल्या रेप्लिकाचा पत्ता मुंबईसारखा नसतो. क्लाउड एसक्यूएल प्रॉक्सी वापरत असाल तर कनेक्शनच्या नावातच रीजन आणि इन्स्टन्सचं नाव असतं, तेही बदलतं. ॲपमध्ये पत्ता कोरून ठेवू नका. स्वतःचं डीएनएस नाव, टीटीएल (जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत) ६० सेकंद. तरी नुसतं नाव बदलून भागत नाही. कनेक्शन पूलमधली (ॲपने आधीच उघडून ठेवलेली) जुनी कनेक्शनं तशीच लटकतात, पूल रिस्टार्ट करावाच लागतो. एंटरप्राइझ प्लस आवृत्तीत ठरवून अदलाबदल आणि डीआर रेप्लिकावर फेलओव्हर या सोयी तयार मिळतात. बजेट असेल तर तोच पर्याय घ्या, परतीचं अर्धं काम वाचतं.

आणि ॲपचं कंटेनर इमेज (ॲपचं चालवायला तयार पॅकेज) कुठे आहे? ते ठेवायची रेजिस्ट्री फक्त मुंबईत असेल तर दिल्लीत ॲप उभंच राहणार नाही. सिक्रेट्सचं (पासवर्ड वगैरे) तेच. स्वतःच्या एन्क्रिप्शन की वापरत असाल तर दिल्लीच्या इन्स्टन्सला दिल्लीतलीच की लागते. ॲपसाठीची मशीनही आधीच घेऊन ठेवा, लहान असली तरी चालेल. मुंबई पडल्यावर सगळा देश दिल्लीत मशीन मागायला धावणार.

---

हळदवायदा

खर्चाचं एवढंच: बारा महिने रेप्लिका नको. गाळप संपून शेवटची बिलं निघाली की रेप्लिका काढा आणि दिल्लीतल्या बॅकअपवर राहा. त्या काळात काही तास बंद चालतं. बॉयलर पेटायच्या महिनाभर आधी पुन्हा उभी करा. ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) द्यायची अट असल्यामुळे 'शेवटचं बिल' ही तारीख लेखा विभागाला विचारूनच ठरवा, आयटीने परस्पर ठरवू नये.

रेप्लिकाचं मशीन लहान करून पैसे वाचवायचा मोह होईल. करू नका. रोजचा वॉल ती झेलेल, पण प्रमोटनंतर चारही काट्यांचा भार तिच्यावरच येणार.

---

कोयनाकाठ

सरावाचं राहिलं. चालू रेप्लिका प्रमोट करून बघू नका. साधी रेप्लिका प्रमोट झाली की परत रेप्लिका होत नाही, नवी करावी लागते, आणि तेवढा वेळ तुम्ही उघडे. दिल्लीत दुसरी रेप्लिका करा, ती प्रमोट करा, एका काट्याचा चाचणी पीसी तिला जोडा, वजन करून पावती छापा, घड्याळ लावून वेळ लिहा, मग इन्स्टन्स काढून टाका. संचालक मंडळाला द्यायचा आकडा हा, कागदावर अंदाजलेला नाही.

खऱ्या दिवशीचा क्रम असा. मुंबई थोडीशी जरी जिवंत असेल तर आधी तिच्यावरचं लिखाण बंद, ॲप थांबवून इन्स्टन्सच थांबवणं उत्तम. हार्टबीट पोचल्याची खात्री. ती अजिबात हाती लागत नसेल तर दिल्लीतली शेवटची हार्टबीट लिहून घ्या. मग प्रमोट, सिक्वेन्स पुढे, डीएनएस, पूल रिस्टार्ट, काट्यांवरून पुनर्पाठवणी. लगेच दिल्लीवर बॅकअप आणि पॉइंट-इन-टाइम चालू करा, रेप्लिका असताना तिचे बॅकअप होत नसतात. हाय अव्हेलेबिलिटी गर्दी ओसरल्यावर.

मुंबई परत आली की सगळ्यात धोक्याची वेळ ती. जुना प्रायमरी उठतो आणि त्याला कुणी सांगितलेलं नसतं की राज्य गेलं. एखाद्या विसरलेल्या पीसीत जुना पत्ता असेल तर तो आनंदाने तिकडे वजनं लिहीत बसतो. म्हणून त्याची वाट फायरवॉलवर बंद ठेवा, पण इन्स्टन्स पुसू नका. न पोचलेल्या नोंदी त्याच्यात आहेत. त्या काढून दिल्लीशी ताळा करा, मग दिल्लीवरून मुंबईत नवी रेप्लिका, आणि परतीची अदलाबदल हंगाम संपल्यावर. घाई काय?

हा क्रम छापून दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक नदीकाठापासून लांब. सांगलीत आयर्विन पुलावर ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा कृष्णा तिच्या वर गेली होती. क्लाउडच्या लॉगिनचा ओटीपी येणारा एकच फोन आणि तो फोन पाण्याने वेढलेल्या घरात, अशी वेळ येऊ नये. किमान तिघांकडे स्वतंत्र हक्क हवेत, त्यातला एक तरी विट्याच्या किंवा जतच्या बाजूला राहणारा.

---

ऊसकाटा_सांगली

चाचणी रेप्लिका शनिवारी रात्री करतोय. प्रमोट ते पहिली पावती किती मिनिटं लागली ते इथेच टाकतो.