अनुभव धागा: दूध सुटलं, मासे सुटले, पोटाचं काय झालं?

आमसूल (मुलुंड)
"व्हीगन झाले आणि पोट सुधारलं" असं सांगणारं कुणी ना कुणी हल्ली मुंबईत प्रत्येक ऑफिसात सापडतं. काहींचं खरंच सुधारलंय, काहींचं आणखी बिघडलंय, पण बिघडलेले सहसा बोलत नाहीत. म्हणून हा धागा. दूध, अंडी, मांस-मासे सोडले किंवा कमी केले, त्याने गॅस, जुलाब, बद्धकोष्ठ, पित्त यांत काय फरक पडला ते मोकळेपणाने लिहा. निदान डॉक्टरांनी केलं की तुमचं तुम्हीच, तेही सांगा. पावडरी विकणाऱ्यांनी दुसरं दार बघावं.

माझ्यापासून सुरुवात करते. सकाळचा दुधाचा चहा, मग कॉर्नफ्लेक्स, रात्री हळदीचं दूध, आणि दिवसभर पोटात गुरगुर. डॉक्टरांनी आधी फक्त दूध बंद करायला सांगितलं आणि त्यातच निम्मं काम झालं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य लहानपणानंतर बहुतेक माणसांत कमी होत जातं, त्यात आजार असा काही नाही. दही त्या मानाने सोसतं, कारण विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात. तुपात तर ते जवळपास नसतंच. त्यामुळे वरणावरचं तूप मी सोडलेलं नाही. कट्टर व्हीगन मंडळींनी रागावू नये.

भांडुपकर
माझी गोष्ट लोकलमधली आहे. लोकलच्या डब्यात शौचालय नसतं, हे ज्याचं पोट बरं असतं त्याच्या कधी लक्षातही येत नाही. माझा भांडुप ते सीएसएमटी प्रवास कोणत्या स्टेशनावर उतरून पळता येईल, या हिशोबावर चालायचा. सगळ्या तपासण्या झाल्यावर निदान झालं आयबीएस, म्हणजे तपासण्यांत दोष न दिसता वारंवार बिघडणारं पोट. त्याआधी एका मित्राच्या सल्ल्याने पूर्ण वनस्पतीजन्य आहार धरला होता: राजमा, छोले, फ्लॉवर, भरपूर कांदा-लसूण, वर सफरचंद. पोट फुगून ढोल!

मग आहारतज्ज्ञ बाईंनी लो-फॉडमॅप शिकवलं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या लोकांनी बसवलेली ही पद्धत. आतड्यात नीट शोषले न जाणारे आणि पुढे आंबून गॅस करणारे काही कर्बोदकांचे प्रकार थोडे आठवडे बंद करायचे आणि मग एकेक करून परत आणायचे. कायम बंद ठेवायचे नाहीत, ही गोष्ट बरेच जण विसरतात. माझे गुन्हेगार निघाले कांदा आणि लसूण. म्हणजे मासे, मटण निर्दोष होते आणि दोषी झाडपाल्यातच होता.

पण लसणातलं फ्रुक्टन, म्हणजे त्याच कर्बोदकांतला एक प्रकार, पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. त्यामुळे बायको तेलात पाकळ्या परतून काढून टाकते आणि त्याच तेलाची फोडणी देते. पातीच्या कांद्याचा हिरवा भाग चालतो. बाहेर खायचं तर मुंबईसारखं शहर नाही. गाडीवाल्याला "जैन" म्हटलं की कांदा-लसूण आपोआप गेले, वेगळं समजावत बसावं लागत नाही. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं येतं, तेही मला मानवतं. लोणी नको एवढं मात्र दोनदा सांगायचं. पाव गव्हाचा, म्हणजे त्यातही फ्रुक्टन, तो मी एकच खातो. आणि फोडणीला हिंग, त्याने कांद्याची उणीव बरीच भरून निघते.

गहूमुक्त आई (डोंबिवली)
भांडुपकर दादा, हिंगाबद्दल एक गोष्ट सगळ्यांसाठी लिहिते. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. तुम्हाला चिमूटभर चालून जाईल, माझ्या मुलाला नाही. त्याला सीलिएक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते. घरात गहू नाही, रवा नाही, शेवया नाहीत, तरी रिपोर्ट सुधरेना, शेवटी हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचली. आता तांदळाच्या पिठातला शोधून आणते.

दुसरी जागा गिरणी. ज्वारीत ग्लुटेन नाही हे खरं, पण आधी गहू दळलेल्या जात्यातून ती निघाली की व्यर्थ. आमचे गिरणीवाले काका चांगले आहेत, पण सगळ्यांच्या दळणासाठी ते जातं धुणार कुठे? घरघंटी घेतली आणि त्यात गहू टाकायचाच नाही असा नियम केला. पाकिटावर ग्लुटेन-मुक्त लिहायचं तर एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, म्हणून विकत घेताना तो शिक्का बघते. बाहेरच्या व्हीगन "चिकन"पासून तर लांबच राहा, त्यातले बरेच प्रकार निव्वळ गव्हाच्या ग्लुटेनचेच असतात.

कळकळीची विनंती: गव्हाचा संशय असेल तर तपासणीआधी गहू सोडू नका. गहू पोटात जात असतानाच सीलिएकच्या टीटीजी-आयजीए या रक्ततपासणीला अर्थ आहे. आधी सोडला तर रिपोर्ट खोटाच चांगला येऊ शकतो.

वेसाव्याची सून
आमच्या घरात "वनस्पतीजन्य" म्हटलं तर सासूबाई विचारतात, "सुकट कुठल्या झाडाला लागते?" मी मासे सोडले नाहीत, सोडणारही नाही. पण पूर्वी दोन्ही वेळा मासे-भात आणि भाजी नावाला, अशी थाळी होती आणि बद्धकोष्ठ पाचवीला पुजलेलं. आता रात्रीचं जेवण कडधान्य, भाजी आणि नाचणीच्या भाकरीचं. डब्ल्यूएचओ म्हणते मोठ्या माणसाला दिवसाला निदान 25 ग्रॅम तंतू हवेत. निव्वळ भातावर ते कुठून मिळणार?

कडधान्य वाढवलं तसा सुरुवातीला गॅस झाला. पण उपाय सासूबाईंकडेच होता. वाल रात्रभर भिजवायचे, पाणी ओतून द्यायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे. माझी नणंद सायन्सवाली, ती म्हणते रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या ज्या साखरा आपल्याला पचत नाहीत त्यातल्या बऱ्याचशा या पाण्यात आणि मोडात जातात. सासूबाई म्हणाल्या, "नाव काय पण असो, पानी टाकून दे." प्रमाणही हळूहळू वाढवा. पहिल्याच आठवड्यात वाटीभर बिरडं खाऊन बाई, वालांना शिव्या देऊ नका.

लॅबवाली
नोकरी लॅबमधली असल्याने थोडं बोलते. "फूड सेन्सिटिव्हिटी" म्हणून शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी (रक्तातली प्रतिपिंडं) मोजणारी पॅनल हजारो रुपयांना विकली जातात. रिपोर्टमध्ये लाल रंगात तांदूळ, तूर, टोमॅटो येतात आणि माणूस हबकतो. आयजीजी वाढलेलं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खात आलात, एवढाच बहुधा अर्थ. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच सांगितलंय की या तपासणीवरून निदान करू नये. रोज काय खाल्लं आणि काय झालं याची वही ठेवा, ती जास्त उपयोगी.

चहाबाज
सगळं प्राणीजन्य सोडून बघितलं. फरक शून्य. दिवसाचे आठ कटिंग कमी केल्यावर पडला.

परळकर
थोडा गंभीर प्रतिसाद. माझ्या वहिनीला पोटदुखी, वजन उतरतंय, संध्याकाळी बारीक ताप. घरातल्यांनीच ठरवलं, दूध-गहू बाधतंय. महिनोन्महिने रस, सॅलड आणि काय काय चाललं. शेवटी कोलोनोस्कोपी झाली आणि आतड्याचा टीबी निघाला. औषधांचा पूर्ण कोर्स करून आता ठणठणीत आहे. वजन आपोआप घटणं, शौचातून रक्त, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, हिमोग्लोबिन खाली, यातलं काहीही असेल तर आहाराचे प्रयोग नंतर, आधी डॉक्टर.

पेन्शनर काका (दादर)
मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, ॲसिडिटीसाठी रोजची गोळी, आणि त्यात लेकीच्या आग्रहाने दूध-दही बंद. पोट हलकं झालं, नाकारत नाही. पण तळपायांना मुंग्या यायला लागल्या. बी-12 तळाला! हे जीवनसत्त्व झाडांत मिळत नाही, आणि माझ्या दोन्ही गोळ्या त्याचं शोषण आणखी कमी करतात. आता डॉक्टरांनी दिलेलं बी-12 चालू आहे. मुलांनो, दूध सोडा नाहीतर राहू द्या, ही तपासणी करून घ्या. बाकी दह्याची आठवण येते, त्यावर काही इलाज?

आमसूल
काका, शेंगदाणे सोसत असतील तर इलाज आहे. वाटीभर दाणे रात्री भिजवा, सालं काढून चार वाट्या पाण्यात वाटून गाळा. ते दूध ढवळत उकळा, तळाला लागतं फार. कोमट झालं की हिरव्या मिरचीची धुतलेली देठं आठ-दहा टाकून झाका. पहिलं दही विरजणापुरतंच धरा, त्याला मिरचीचा वास येतो. त्यातला चमचाभर घालून लावलेलं दुसरं दही कढीला छान. मेमधल्या मुंबईत पाच-सहा तास पुरतात, नंतर लगेच फ्रिजमध्ये टाका नाहीतर आंबट होतं. कढी करताना आच मंद ठेवा, हे दही पटकन फुटतं.