१९९० च्या मियाटासाठी टायर: १४ इंची की १५?

मंडळी, मदत हवी आहे. न्यू जर्सीत असतो. माझ्या १९९० च्या माझदा मियाटाचे (छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार) टायर बदलायचेत. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण बाजूवर २३१४ छापलंय, म्हणजे २०१४ च्या २३व्या आठवड्यातला माल! रबर दगडासारखं झालंय, पावसात मागची बाजू सुटते.

मूळ माप १८५/६० आर १४ (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १४ इंची). या मापात आता बहुतेक साधे टूरिंग (रोजच्या आरामशीर वापराचे) टायरच दिसतात. १५ इंची रिम घेऊन १९५/५० आर १५ लावले तर व्यास जेमतेम दोन मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे स्पीडोमीटरची चिंता नाही. पण जुन्या रिमवर जीव आहे हो! हलक्या गाडीला रुंद टायरचा खरंच फायदा होतो का? स्टिअरिंगला पॉवर नाही, पार्किंगला जड जाईल का? गाडी हिवाळ्यात बाहेर काढत नाही. कुणी दोन्ही वापरलेत का?