विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास, पण अहवालात काहीच नाही. विहीर उपसावी का?

आडवाट (प्रश्न)

पश्चिम नागपुरातलं जुनं घर, अंगणात दगडी बांधकामाची विहीर. व्यास ३ मीटर, कठड्यापासून पाणी ५ मीटरवर, पाण्याची खोली ६ मीटर. मेच्या शेवटापासून पाण्याला पेट्रोलसारखा वास येतोय, सकाळी जास्त. वर रंगीत तवंग. प्यायला नळाचं पाणी आहे, विहिरीचं धुणं, अंघोळ, झाडं आणि कूलरसाठी लागतं.

१२० मीटरवर पेट्रोल पंप, ४० मीटरवर दुचाकीचं गॅरेज. शेजारी म्हणतात की मोटर लावून विहीर पूर्ण उपसा आणि ब्लीचिंग पावडर टाका. पाणी तपासून आणलं तर अहवालात ‘ऑइल अँड ग्रीस: आढळले नाही’. मग हा वास कशाचा? आणि उपसायचं की नाही?

---

खडकपाणी

उपसू नका. मोटरला हातच लावू नका. ती आत्ता चालू असेल तर विहिरीजवळच्या बटणानं बंद न करता घरातल्या मीटरपाशी मेन स्विच पाडा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, कठड्याच्या आत साचून बसते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की बटणातली ठिणगी पुरते. सकाळी वास जास्त येतो तो याचमुळे, रात्रभर वारा नसतो.

विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची आपल्याकडे जुनी रीत आहे. एरवी ती शहाणपणाची, पण इथे तोच कंदील घात करेल. आत कुणीही उतरायचं नाही, तोंडाला ओला रुमाल बांधूनसुद्धा नाही. अग्निशमन दलाला १०१ वर आजच कळवा. त्यांच्याकडे ज्वलनशील वाफ मोजायचं यंत्र असतं.

आता तवंग. लांब काडीनं तो मोडून बघा. काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर तो लोहजिवाणूंचा (पाण्यातल्या लोहावर जगणारे जिवाणू), निरुपद्रवी. मोडल्यावर पुन्हा जुळून आला तर तेल. मग रुंद तोंडाची काचेची बाटली सुती दोरीनं सोडा (लोखंडी बादली-साखळी नको, दगडावर आपटून ठिणगी पडते), पाणी भरून दहा मिनिटं स्थिर ठेवा आणि वर वेगळा थर दिसतो का बघा. थराची जाडी या बाटलीवरून ठरवू नका, ती फसवते. हिशेब मात्र डोक्यात असू द्या: तुमच्या विहिरीचं तोंड सात चौरस मीटर, म्हणजे १ मिलीमीटर थर म्हणजे ७ लिटर पेट्रोल. नुसता रंगीत तवंग असेल तर तो मिलीमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही नसतो.

उपशाचं दुसरं दुखणं असं की विहीर रिकामी केली की आजूबाजूचं पाणी तिच्याकडे धावतं आणि सोबत पेट्रोलही ओढून आणतं. शिवाय ते ४२ हजार लिटर पाणी सोडणार कुठे? नालीत सोडलं तर नाग नदी, तिथून कन्हान, वैनगंगा आणि शेवटी गोसीखुर्द धरण. ब्लीचिंग जंतूंसाठी असतं, पेट्रोलवर त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट तरंगत्या थरावर पावडर पडली तर उष्णता निर्माण होऊन पेट घ्यायची भीती.

वास मेमध्येच का सुरू झाला, याचं उत्तर बहुधा जमिनीत आहे. पश्चिम नागपुराखाली बेसाल्ट आहे: वर काळी माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक. उन्हाळ्यात काळ्या मातीला हातभर खोल भेगा पडतात आणि सांडलेलं पेट्रोल वाळूतल्यासारखं झिरपत न बसता थेट खाली उतरतं. ते पाण्याच्या पातळीवर तरंगतं, पातळी खाली गेली की तेही खाली जातं आणि वाटेतल्या मुरमाला चिकटत जातं. पावसाळ्यात पाणी चढलं की ते चिकटलेलं पुन्हा सुटतं. म्हणून जुलैमध्ये वास अचानक वाढला तर नवी गळती झाली असं लगेच धरू नका. खडकात पाणी भेगांच्या दिशेनं वाहतं, उताराच्या नाही. ‘पंप वरच्या अंगाला, म्हणजे पंपच’ हा तर्क वाळूत चालला असता, बेसाल्टमध्ये चालत नाही.

---

निळीज्योत

अहवाल खोटा नाही, चाचणी चुकीची निवडली गेली. ‘ऑइल अँड ग्रीस’ मोजताना पाण्यातलं तेल द्रावकात (तेल विरघळवणाऱ्या द्रवात) उतरवतात, मग तो द्रावक तापवून उडवतात आणि उरलेल्याचं वजन करतात. पेट्रोल त्या द्रावकाबरोबरच उडून जातं. इंजिन ऑइल असतं तर सापडलं असतं. डिझेलही अर्धंमुर्धं हाती लागतं. पेट्रोल शून्य.

तुम्हाला हवी ती चाचणी बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन आणि झायलीन या पेट्रोलमधल्या घटकांची, गॅस क्रोमॅटोग्राफवर (वाफेतले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र). एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा शोधा, पण मान्यता याच चाचणीसाठी आहे ना ते विचारून घ्या. नमुन्याच्या कुप्या त्यांच्याकडूनच आणा: ४० मिलिलिटरच्या, काचेच्या, टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाच्या, आत दोन थेंब आम्ल घातलेल्या. कुपी काठोकाठ भरून झाकण लावायचं, उलटी केल्यावर आत बुडबुडा दिसता कामा नये. बुडबुडा असला की बेंझिन त्यात निघून जातं आणि आकडा कमी येतो. लगेच बर्फात ठेवा, १४ दिवसांच्या आत तपासणी. कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीत नेलेला नमुना म्हणजे पैसे पाण्यात.

आकड्यांची जाण असावी म्हणून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठी बेंझिनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलीग्रॅम. बीएस-६ (आताच्या प्रदूषण मानकाच्या) पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का. तेवढं धरलं तर तुमची ४२ हजार लिटरची विहीर त्या मर्यादेपर्यंत न्यायला ५० मिलिलिटर पेट्रोल पुरतं. जेमतेम पाव कप! आणि बेंझिनचा स्वतःचा वास पाण्यात कळायला लिटरला सुमारे १० मिलीग्रॅम लागतात, म्हणजे मर्यादेच्या हजार पट. तुम्हाला येतोय तो वास मुख्यतः टोल्युइन, झायलीन अशा त्याच्या भाऊबंदांचा. तो गेला म्हणून बेंझिन गेलं असं होत नाही.

---

टाकीतळ

पंपाचं पाप असेलही, पण आधी गॅरेज बघा. कार्ब्युरेटर आणि चेन पेट्रोलनं धुऊन ते मागच्या मोकळ्या जागेत ओतायची सवय असते. रोज पाव लिटर म्हटलं तरी वर्षाला ९० लिटर होतात.

पंपावर गळती टाकीपेक्षा पाइपच्या जोडांत, भरण्याच्या तोंडाशी आणि डिस्पेन्सरच्या (गाडीत पेट्रोल भरायच्या मशीनच्या) खाली जास्त होते. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, तेवढ्यानंही जोड हलतात. जुन्या पद्धतीत डिस्पेन्सर पेट्रोल ओढून घेतो, तिथे पाइप फुटला तर हवा शिरते, मशीन अडखळतं आणि लगेच कळतं. टाकीत बुडवलेला पंप मात्र पेट्रोल दाबानं ढकलतो. तिथे बारीक भेग पडली तरी विक्री सुरळीत चालते आणि पेट्रोल जमिनीत जात राहतं. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चारेक लिटर.

रोजच्या डिपस्टिकच्या (टाकीत पट्टी बुडवून साठा मोजायच्या) नोंदीत हे सापडायला हवं, पण नागपूरच्या उन्हाळ्यात ते लपतं. तापलेल्या टँकरमधून आलेलं २० हजार लिटर पेट्रोल जमिनीखाली १० अंशांनी निवलं तर दोनशे लिटरहून जास्त आक्रसतं. त्या फरकात चार लिटर कुठे दिसणार? म्हणून ‘स्टॉक जुळतो’ या उत्तरावर थांबू नका. टाकी आणि प्रत्येक पाइप वेगवेगळा बंद करून दाबाची चाचणी मागा.

मागायची कुणाकडे? पंपाच्या साठवणुकीचा परवाना पेसो देते, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, आणि तिचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे. दुसरा अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सिव्हिल लाइन्समधल्या प्रादेशिक कार्यालयात. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २४ मध्ये विहिरीचा नाव घेऊन उल्लेख आहे, अर्जात ते कलम लिहा. कुणावर आरोप करू नका. अंतरं, पाण्याची पातळी, वास सुरू झाल्याची तारीख आणि निळीज्योत यांनी सांगितलेला अहवाल, एवढंच द्या.

मूळ शोधायला दोन खुणा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जमिनीतले जिवाणू आधी तेच फस्त करतात. पाण्यात इथेनॉल सापडलं तर गळती ताजी. सापडलं नाही तर काहीच सिद्ध होत नाही. तरंगत्या थरात शिसं निघालं तर मात्र ते २००० सालाआधीचं पेट्रोल, म्हणजे जवळपास कुठेतरी विसरलेली जुनी टाकी.

---

आडवाट

काडीची खूण केली, तवंग परत जुळला. अग्निशमनवाले येऊन गेले, कठड्याभोवती दोरी बांधली. दोन शंका. हे पाणी उकळून किंवा आरओतून काढून वापरता येईल का? आणि अंगाला नाही लावलं, पण कूलरमध्ये घातलं तर चालेल ना?

---

निळीज्योत

उकळलं की बेंझिन भांड्यातून स्वयंपाकघरात येतं, म्हणजे पिण्याऐवजी हुंगायचं. आरओच्या पडद्यातून ते बऱ्यापैकी पार होतं. सक्रिय कोळसा ते धरतो, पण घरगुती यंत्रातला मूठभर कोळसा अशा पाण्यात लवकर भरतो आणि नंतर काहीच अडवत नाही.

कूलर तर सगळ्यात वाईट, भाऊ. दूषित पाण्यातून बेंझिन काढायला जो मनोरा उभारतात त्यात पाणी जाळीवरून खाली सोडतात आणि खालून हवा फुंकतात. तुमचा कूलर नेमका तेच करतो, फक्त ती हवा तुमच्या झोपायच्या खोलीत सोडतो.

---

खडकपाणी

झाडांनाही थांबा. एकदा अहवाल आला आणि तरंगता थर नाही हे नक्की झालं की आकडे इथे टाका. थर असेल तर तो स्फोटरोधक पंपानं वरच्यावर काढावा लागतो. ते काम प्रशिक्षित माणसांचं. काढलेलं तेल आणि शोषक कापड हा धोकादायक कचरा ठरतो, तो बुटीबोरीच्या प्रक्रिया केंद्रात जातो, घंटागाडीत नाही. तोवर दर आठ दिवसांनी कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजून तारखेसह लिहून ठेवा. टेप सुती किंवा फायबरचा घ्या, स्टीलचा नको.