‘असले सिनेमे बघवत नाहीत’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

घाटमाथा:
परवा ‘या आठवड्यात काय पाहिलंत’ धाग्यावर मी ‘सायलेन्स्ड’बद्दल चार ओळी टाकल्या. त्यावर सुमेधा यांचा प्रतिसाद: "असले सिनेमे काढणारे विकृत, आणि ते बघून दुसऱ्यांना बघा म्हणणारे त्याहून विकृत. दिवसभर राबून आल्यावर हे बघायचं?" त्याला सतरा जणांचं +१. सतरा! तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: २०११ चा कोरियन सिनेमा, दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्युक (हो, स्क्विड गेमवालेच). ग्वांगजूच्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांवरचा, खरोखर घडलेलं आहे हे. मुख्याध्यापक आणि व्यवस्थापक, दोघे संस्थापकाचेच मुलगे. २००५ मध्ये शाळेतल्याच एका कर्मचाऱ्याने बाहेर तोंड उघडलं. मुख्याध्यापकाची शिक्षा अपिलात स्थगित झाली आणि तो घरी गेला. निकाल खुणांच्या भाषेत सांगून झाल्यावर कोर्टात बसलेल्या कर्णबधिरांच्या तोंडून जे आवाज निघाले, त्याची बातमी वाचून गोंग जी-योंग यांनी २००९ मध्ये कादंबरी लिहिली.

सुमेधा, तुम्ही ज्या प्रसंगांना विकृत म्हणता ते मलाही बघवले नाहीत. मी मान फिरवली. पण माझ्या डोक्यात राहिला तो पहारेकरी. नवीन मास्तर रात्री शाळेत आहे, संडासातून किंचाळी येते, दार बंद. पहारेकरी येतो आणि सांगतो, पोरं कंटाळली की असंच करतात. आणि मास्तर निघून जातो! हीरो आहे तो सिनेमाचा, आणि निघून जातो. दुसरा प्रसंग शिक्षकांच्या खोलीतला. एक शिक्षक पोराला बेदम मारतोय आणि बाकीचे मान खाली घालून वह्या तपासतायत. त्या खोलीत मी बसलेलो आहे. तुम्हीही आहात. म्हणून बघवत नाही, आणि त्याला आपण ‘विकृत’ असं सोयीचं नाव देतो. एवढंच म्हणायचं होतं.

टवाळ_बोका:
आला, आला, संस्कार धागा आला. चहा टाकतो.

बॉस्टनकर:
घाटमाथा, मुद्दा मान्य, उदाहरण अमान्य. हेच सगळं ‘स्पॉटलाइट’ने (२०१५) एकही अत्याचार न दाखवता केलं. बॉस्टन ग्लोब या पेपरने २००२ मध्ये चर्चमधल्या पाद्र्यांच्या मुलांवरच्या अत्याचारांची प्रकरणं बाहेर काढली आणि त्याच डिसेंबरात बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल लॉ यांना पद सोडावं लागलं. सिनेमात नुसते कागद, दारावरच्या टकटकी आणि वकिलांची टाळाटाळ. तरी अंगावर काटा येतो. आणि बातमीचे धागेदोरे आपल्या पेपरकडे आधीच आले होते नि आपणच ते आतल्या पानावर छापून विसरलो, हे संपादकाला कबूल करावं लागतं. पोरांच्या अंगावर कॅमेरा न नेता ‘गप्प बसणारे’ दाखवता येतात. मग न्यायचाच कशाला? शेवटी ती बालकलाकार मुलंच ना?

निनाद_आर:
बॉस्टनकरांना +१. शिवाय दुसरी बाजूही आहे, जी इथे कुणी मांडणार नाही म्हणून मांडतो. ‘द हंट’ (२०१२, डेन्मार्क) पाहा. बालवाडीतली मुलगी रागाच्या भरात काहीतरी बोलते आणि अख्खं गाव एका निरपराध माणसाला आयुष्यातून उठवतं. तिथे कुणीच गप्प नव्हतं बरं का, सगळे बोलत होते.

घाटमाथा:
निनाद, आलंच का ‘खोट्या तक्रारी’! तीन प्रतिसाद झाले नाहीत तोवर. आपल्याकडे पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा २०१२ चा कायदा) गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचाच असतो, हे दरवर्षी सरकारी आकडेवारीत छापून येतं. २००७ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत १३ राज्यांतली १२,४४७ मुलं होती, त्यातल्या ५३ टक्क्यांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक छळाचं सांगितलं. आणि तुम्हाला काळजी कुणाची, तर डेन्मार्कच्या मास्तरची.

निनाद_आर:
एका सिनेमाला दुसऱ्या सिनेमाने उत्तर दिलं तर तुम्ही आकडे फेकता. मग आकड्यांवरच धागा काढायचा होता.

सुमेधा_पुणे३०:
माझं नाव घेऊन धागा काढलाय म्हणून लिहिते. मी त्या खोलीत बसलेली नाही. कोण कुठल्या खोलीत होतं हे तुम्हाला घरबसल्या कळतं याचं कौतुक वाटलं. काही लोकांना हे पडद्यावर बघायची गरज नसते. एवढंच.

जुनाखडू:
त्या सिनेमातली एक गोष्ट कुणीच कशी काढली नाही? नवीन मास्तर नोकरीवर येतो तेव्हा त्याच्याकडे ‘शाळा विकास निधी’ मागतात. त्याची आई घरातली पुंजी मोडून ते पैसे देते. कोरियात काय नि आपल्याकडे काय, निधी तोच. वीस-पंचवीस लाख मोजून चिकटलेला माणूस संचालकाच्या भावाविरुद्ध साक्ष देईल का? आधी तो निधी बंद करा, मग मास्तरांना भेकड म्हणा.

टवाळ_बोका:
घ्या. अनुदानाचा विषय निघाला. आता दोनशे प्रतिसाद नक्की.

अ‍ॅड_कोकणी:
जुनाखडू सर, शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल २०१७ मध्ये याचसाठी आलं ना?

जुनाखडू:
वकीलसाहेब, पोर्टल यादी देतं. मुलाखत संस्था घेते. मुलाखतीत काय विचारतात ते मला विचारा. "बाकीचं तुम्हाला साहेबांनी सांगितलं असेलच." झाली मुलाखत.

पेणचापाहुणा:
सर, माझी बायको दहा वर्षं विनाअनुदानितवर आहे. आधी २० टक्के, मग ४० टक्के, दर अधिवेशनाला आझाद मैदान. आणि तुम्ही सगळ्यांना पैसे भरून चिकटलेले म्हणताय? आम्ही एक रुपया दिलेला नाही, म्हणूनच अजून लटकलोय!

जुनाखडू:
तेच तर म्हणतोय, तुम्ही दिला नाही म्हणूनच लटकलात. माझ्यावर कशाला ओरडता?

(मधले बावीस प्रतिसाद अनुदानाचे टप्पे, शिक्षणसेवकाची तीन वर्षं आणि कुठल्या सरकारने किती जीआर काढले याबद्दलचे आहेत. वेगळ्या धाग्यात हलवले. - संपादक)

हातांचीभाषा:
अनुदान हलवलं ते बरं केलं. मी कर्णबधिर मुलांना शिकवते, २४ वर्षं. सिनेमातला कोर्टाचा प्रसंग आठवतो? बचाव पक्ष म्हणतो, मुलीला ऐकू येत नाही, मग तिने गाणं ऐकलं कसं? न्यायालयात गाणं लावतात आणि ती हात वर करते. थोडं ऐकू येणं म्हणजे काय, हे वकिलांना असं शिकवावं लागतं. आपल्याकडे पोक्सोच्या कलम ३८ मध्ये दुभाष्याची, तज्ज्ञाची सोय आहे. कागदावर छान आहे. मला एकदा बोलावलं होतं. मुलगी वाडीवरची, शाळेत कधी गेलेलीच नाही, तिच्या खुणा फक्त तिच्या आईला कळायच्या. ‘काका’ला ती मिशी दाखवायची. घरात मिशीवाले तिघे. कुठली मिशी हे ठरवण्यात अर्धा दिवस गेला, आणि समोरचे वकील म्हणाले, बाई तिच्या तोंडी शब्द घालतायत. तिच्या *तोंडी*! तेव्हा ‘असं दाखवू नये’ म्हणणाऱ्यांनी निदान हे तरी कुठे दाखवलंय ते सांगावं.

आणि हो, अनुदानाच्या गोंधळात दोन जण ‘मुकी पोरं’ लिहून गेले. ती मुकी नाहीत. तुम्हाला त्यांची भाषा येत नाही.

टवाळ_बोका:
त्यातला एक मी. चुकलो. खरंच. (चहा सांडला.)

बॉस्टनकर:
ताई, तुमचा अनुभव जड आहे, पण तो माझ्याच मुद्द्याला बळ देतो. तुम्ही आत्ता जे सांगितलंत त्यात अत्याचाराचं एक वाक्य नाही. मिशीवर बोट ठेवलेलं पुरलं.

घाटमाथा:
हम्म. हे लागलं. तरी सांगतो: सिनेमा आला सप्टेंबर २०११ मध्ये, ४६ लाखांहून जास्त लोकांनी थेटरात पाहिला, आणि ऑक्टोबर संपायच्या आत तिथल्या संसदेने १३ वर्षांखालच्या मुलांवरच्या आणि अपंगांवरच्या अशा गुन्ह्यांत खटला भरण्याची मुदतच काढून टाकली. कायद्याला लोक सिनेमाच्याच मूळ कोरियन नावाने ओळखतात, ‘डोगानी कायदा’. शाळा बंद झाली. २०१२ मध्ये त्या व्यवस्थापकाला कोर्टाने १२ वर्षं ठोठावली. हे निव्वळ कागद आणि टकटक दाखवून झालं असतं?

निनाद_आर:
म्हणजे ४६ लाख लोक तिकीट काढून रडले तेव्हा कुठे शाळा बंद झाली. २००५ पासून २०११ पर्यंत तीच माणसं पेपर वाचत होती. सिनेमाचं यश म्हणायचं की देशाची लाज? आणि आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारावरून बदलापूर स्टेशनात दिवसभर गाड्या अडवल्या, तेव्हा कुठला सिनेमा लागला होता?

घाटमाथा:
बदलापुरात पालक तक्रार घेऊन गेले तेव्हा आधी कोण किती तास ताटकळलं ते वाचा. गाड्या अडवल्या म्हणून दखल. उच्च न्यायालयाने त्या आंदोलनानंतर स्वतःहून लक्ष घातलं.

अ‍ॅड_कोकणी:
जरा कायद्याचं. पोक्सोच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्याने कळवायचंच. ‘कोणतीही व्यक्ती’ असा शब्द आहे, शिक्षक, डॉक्टर, शेजारी, सगळे आले. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिने, संस्थेच्या प्रमुखाला वर्षभर. राजुऱ्याच्या (जि. चंद्रपूर) वसतिगृहाच्या प्रकरणात डॉक्टरवरचा न कळवल्याचा गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला होता, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला. तेव्हा गप्प बसणं हा २०१२ पासून गुन्हा आहे. सिनेमा बघा, नका बघू.

हातांचीभाषा:
वकीलसाहेब, त्या कलमाची दुसरी बाजूही बघा. आई माझ्याकडे येते, म्हणते बाई कुणाला सांगू नका, फक्त पोरीला सावरा. मी म्हणते, मला कळवावंच लागेल. पुढच्या आठवड्यापासून पोरगी शाळेत येत नाही. मी कायदा पाळला. पोरगी गेली.

अ‍ॅड_कोकणी:
याला माझ्याकडे उत्तर नाही. कायदा पाळू नका असं मात्र मी लिहिणार नाही.

जुनाखडू:
माझ्यावर वरती बरेच घसरले, म्हणून लिहितो. नाहीतर लिहिणार नव्हतो. मी निवासी शाळेत होतो, तालुक्याच्या गावी. वडिलांनी दीड एकर विकून माझा ‘निधी’ भरला होता. वसतिगृहाशेजारीच खोली मिळाली. एक सहावीतला पोरगा पहाटे चारला नळावर चादर धुवायचा. रोज नाही. अधीक्षक मुक्कामी असले की दुसऱ्या दिवशी पहाटे. थंडीचे दिवस, हात लालभडक. एकदा मी विचारलं, काय रे. तो म्हणाला, "सर, चहा सांडला." वसतिगृहात चहा मिळतच नव्हता. मला कळलं. तेव्हाच कळलं. दोन आठवड्यांनी मी मुख्याध्यापकांना सांगितलं, काय सांगितलं तर "पोरगं आजारी दिसतंय". बस. ते म्हणाले, घरी पाठवू. त्याचा मामा येऊन घेऊन गेला. यष्टीच्या टपावर पत्र्याची पेटी चढवली, मी खालून हात लावला. पेटी चढवायला मदत केली मी. हे माझं काम. पोक्सो तेव्हा नव्हता, वकीलसाहेब, पण १०९८ होता, मुलांच्या मदतीचा फोन नंबर. भिंतीवर लिहिलेला होता, मीच सुंदर अक्षरात लिहिला होता.

टवाळ_बोका:
सर…

पेणचापाहुणा:
सर, मघाशी तुमच्यावर आवाज चढवला. राहू द्या ते.

निनाद_आर:
सरांबद्दल आदर आहे. पण बघा, सरांनी सिनेमा पाहून हे केलं असतं का? ते शेजारच्या खोलीत राहत होते. सिनेमापेक्षा जवळून पाहिलं, तरी गप्प बसले. मग सिनेमाने कोण बोलणार?

जुनाखडू:
निनादभाऊ, बरोबर आहे. सिनेमाने काही झालं नसतं. पण त्या मास्तरला संडासाच्या दारावरून परत जाताना पाहिलं आणि सोळा वर्षांनी मी बायकोला ही गोष्ट सांगितली. ती तोवर तिला माहीत नव्हती. याचा कुणाला उपयोग झाला म्हणाल तर कुणालाच नाही.

घाटमाथा:
सर, मी धागा काढताना ‘त्या खोलीत मी बसलेलो आहे’ लिहिलं ते अलंकारिक होतं. आता ते वाक्य बघवत नाही. बॉस्टनकर, तुमचाही मुद्दा निम्मा मान्य. निम्माच. जास्त मागू नका.

बॉस्टनकर:
निम्मा मिळाला हेच इथे डबल प्रमोशन आहे.

हातांचीभाषा:
सुमेधा, तुमचा तो वरचा छोटा प्रतिसाद मी आत्ता परत वाचला. "काही लोकांना हे पडद्यावर बघायची गरज नसते." मी दुपारी तो वाचून पुढे गेले होते आणि मिशीची गोष्ट लिहीत बसले.

सुमेधा_पुणे३०:
सगळेच पुढे गेले. अनुदानावर बावीस प्रतिसाद आले. सवय आहे.

घाटमाथा:
सुमेधाताई, मी तुमचं नाव घेऊन… शीर्षक बदलायला सांगू का संपादकांना?

सुमेधा_पुणे३०:
नको. राहू दे. सतरा जणांना मात्र सांगा, त्यांच्या +१ चं मला काही नाही.

हातांचीभाषा:
व्यक्तिगत निरोप केला तर चालेल?

सुमेधा_पुणे३०:
करा. उद्या. आज नाही. आणि सिनेमा सुचवू नका.