वारा जोराचा म्हणजे उड्डाण सोपे, असे नव्हे

वारा जितका जोराचा तितके डोंगरात पॅराग्लायडरने उडणे सोपे, असे मत अनेकदा मांडले जाते. ते आम्हा गोंयकारांना पटकन पटते, कारण पेडणे तालुक्यातील केरीच्या कड्यावर समुद्रावरून अडथळ्याविना येणारा वारा कड्याला अडून वर चढतो आणि पॅराग्लायडरला सहज तोलून धरतो. याच समजुतीने मी हिमाचलात बिलिंगला गेलो आणि माझा हिशेब पुरता चुकला. तेथील उड्डाणाची जागा सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे; दुपारी तापलेल्या उतारांवरून उष्ण हवेचे झोत उसळतात, आणि त्यातच धौलाधारच्या माथ्यावरचा वारा वाढला, की सोंडांच्या आडोशाला हवेचे भोवरे तयार होतात. केरीत कड्याच्या मागे जायचे नाही, हे मला पाठ होते; पण डोंगरात अशी मागची बाजू प्रत्येक सोंडेला असते, हे ध्यानातच आले नाही.

एका सोंडेपलीकडे वळताच उजव्या हातातला ब्रेक (पंखाची मागची कड खाली ओढणारी दोरी) एकाएकी सैल पडला, डोक्यावर कापड फडफडले आणि पंखाची उजवी बाजू मिटली. भार डावीकडे टाकून डावा ब्रेक बेताने धरला (तो घाबरून जास्त ओढला, तर उघडी बाजूही स्टॉल होते, म्हणजे तिची उचलून धरण्याची शक्ती जाते), तेव्हा पंख पुन्हा भरला.

म्हणून केरीत शिकलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की डोंगरातले पहिले काही दिवस त्यांनी सकाळी, ऊन चढण्याआधीच उडावे आणि ढग उंच वाढताना दिसले, तर हवेत असतानाही लगेच उतरायला निघावे.